क्लारा म्हणजे नितळ

दुपारी जेवून जरा पडलो होतो. गुंगी आली होती तेवढ्यात फोन वाजला. हर्सूलहून क्लाराताईंच्या भाचीचा. "मावशी गेली," एवढंच ती म्हणाली. फोन ठेवला. कानात क्लाराताईंची जुनी हाक घुमत होती, भिंतीपलीकडून आलेली... "वहिनी, टँकर आला!"

बजाजनगरात आमची आणि त्यांची भिंत एक होती. वाळूजच्या कंपन्या वाढत होत्या, गावागावांतून माणसं येत होती, घरांवर मजले चढत होते. पाणी काही त्या वेगाने येत नव्हतं. कंपनीत मालसाठ्याच्या नोंदी माझ्याकडे असल्याने आकडे लक्षात ठेवायची सवय होती, म्हणून टँकर किती दिवसांआड येतो हे तेव्हा मला तोंडपाठ असे. आता आठवत नाही, आणि अंदाजाने लिहिणं मला जमत नाही. पाणी चहासारखं गढूळ असायचं, हे मात्र नक्की. क्लाराताई बालवाडीत शिकवायच्या, एकट्याच राहायच्या. दोऱ्याला बांधलेला तुरटीचा खडा त्या आमच्याही बादलीत फिरवायच्या आणि वर्गातल्या मुलांना सांगावं तसं सांगायच्या, "आता कुणी हात लावायचा नाही. बसू द्या." मग आम्हीही बसायचो, भिंतीच्या सावलीत, गाळ खाली उतरताना पाहत. उन्हाळ्याची दुपार, लांब कुठेतरी पोकलेनची घरघर, आणि समोर ती बादली... पाणी नेमकं कोणत्या क्षणी नितळतं, ते मला एकदाही पकडता आलं नाही.

अशाच एका दुपारी मी त्यांना नावाचा अर्थ विचारला. "लॅटिन नाव आहे, भाऊ. वडील सांगायचे, क्लारा म्हणजे नितळ. उजळ." सवयीप्रमाणे मी ग्रंथालयात जाऊन मोठ्या कोशात पडताळून पाहिलं. अर्थ बरोबर होता. पण कोशकार त्याच्याही मागे गेले होते. त्यांच्या मते हा शब्द आधी आवाजाचा. त्याचं मूळ हाक मारण्याच्या क्रियेत आहे. लांबून मारली तरी स्पष्ट ऐकू येते, तशी हाक. आवाजावरून तो उजेडाला लागला, निर्मळ गोष्टींना लागला, आणि पुढे मुलींचं नाव झाला. हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. "म्हणजे टँकर आला की मी ओरडते, ते नावाला धरूनच म्हणायचं." मग दोरा बोटाला गुंडाळत म्हणाल्या, "हे माझ्या आजीचं नाव. तिच्यामागून मला आलं. माझ्यामागे कुणी नाही... ते इथेच संपायचं."

त्याच पाणीटंचाईच्या दिवसांत आमची मुलगी जन्मली. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचं ते आत्याने, आणि मला बहीण नाही. देवगाव रंगारीहून आलेली माझी आई पदर खोचून शेजारी गेली.

"क्लारे, चल. माझ्या नवऱ्यानं याला बहीण दिली नाय, ती भिंतीपल्याड निघाली."

"आई, मी चर्चला जाणारी. तुमचे पाहुणे काय म्हणतील?"

"पाव्हणे जेवून जात्यात. पोरगी राहती."

क्लाराताई पाळण्यावर वाकल्या. बायकांनी रीतीप्रमाणे त्यांच्या पाठीत धपाटे घातले, "कुर्रर्र" झालं, त्या कानाशी काहीतरी कुजबुजल्या. मग उभं राहून खणखणीत आवाजात म्हणाल्या, "वैदेही." आम्ही ठरवलेलं नाव तेच होतं. पण कुजबूज जरा लांबली होती, आणि ते माझ्या मनात राहून गेलं.

वैदेही या आत्याच्या मांडीवरच बोलायला शिकली. क्लारा या नावाचा अर्थ आत्यानेच तिला कधीतरी सांगितला असावा. बादलीशी उकिडवी बसून ती विचारायची, "आत्या, क्लारा झालं?"

"थांब गं बाई. आत्याचे केस पिकायला आले, ती अजून क्लारा व्हायची आहे."

पुढे घरात नळ आला, पाणी गाळायचं यंत्र आलं. बालवाडीतून निवृत्त झाल्यावर क्लाराताई भाचीकडे हर्सूलला गेल्या. जाताना तुरटीचा खडा आमच्या खिडकीला अडकवून गेल्या.

शेवटचं भेटलो ते गेल्या उन्हाळ्यात. भाचीच्या गच्चीवरून हर्सूल तलावाचा भेगाळलेला काठ दिसत होता, आणि मधोमध थोडंसं चमकणारं पाणी. इतक्या वर्षांचा प्रश्न मी विचारून टाकला. बारशाला कानात काय सांगितलं होतंत?

त्यांनी डोळे मिटले. "वैदेहीच सांगितलं, भाऊ. न विचारता दुसऱ्याच्या लेकराला आपलं नाव कसं द्यायचं? पण ओठावर आलं होतं... ते गिळायला वेळ लागला."

"विचारायचं होतंत."

"विचारलं असतं तर तुमच्या आईंनी दिलं असतं. म्हणूनच नाही विचारलं."

त्या गेल्याला थोडेच दिवस झाले होते, परवा नळाला गढूळ पाणी आलं आणि वीजही गेली. पत्नीने खिडकीचा खडा काढला. झिजून तो सुपारीएवढा राहिला आहे. पाण्यात फिरवून बादली, आता आमच्याकडेच राहणाऱ्या आईपुढे ठेवली. संध्याकाळी वैदेही कामावरून आली, घामाने भिजलेली, तहानलेली. चपला काढता काढता बादली दिसली, तशी दारातूनच तिने हाक दिली, "आजी, क्लारा झालं का?"

पत्नीचा हात पोळीवर थांबला. वैदेही लहानपणापासूनचंच विचारत होती, रोज बोलतो तशा शब्दांत.

आई बादलीवर वाकली. "व्हय, झालं," ती म्हणाली. "तळ दिसतोय. ये."