मागच्या भिंतीतला दगड

“भिंतीला डोळा फुटल्याबिगर या घरात पुन्ना बाळंतपण होणार न्हाई,” असं गंगम्मा म्हणाली. एकदाच म्हणाली.

निजामाचं राज्य अजून सात-आठ वर्षं टिकायचं होतं. चारठाण्याला जुन्या देवळांच्या अंगाला चिकटून घरं होती, त्यांतलं एक मन्मथअप्पाचं. तो पेठेत मीठ-मिरची विकायचा. गंगम्मा त्याची बायको. घर सासऱ्याच्या आज्याने पडक्या देवळाचे दगड वेचून बांधलेलं. भिंती हातभर जाड, आणि माळवदाला उजेडासाठी एकच भोक, साणं. उन्हाळ्यात त्यातून पैशाएवढं ऊन खाली उतरे, खोलीभर फिरून निघून जाई. पावसाळ्यात साण्यावर दगड ठेवला की आतल्या खोलीत स्वतःचा हातही दिसत नसे. त्याच खोलीत गंगम्माचं पहिलं पोर सहा दिवसांचं असताना विंचू चावून गेलं. विंचू नंतरही कुणाला दिसला नाही.

पंचवीस वर्षांत तिने या घराची जमीन चोपली, भेगा बुजवल्या, दरवर्षी माळवदावर पांढरी माती चढवली. भिंतीला मात्र हात लावला नव्हता. आता सून महादेवीला आठवा लागला होता. तिला आई नव्हती, म्हणून बाळंतपण इथंच, तेही भर श्रावणात.

गंगम्माच्या सांगण्यावरून खिडकी पाडायला मुंजाजी गवंड्याने मागच्या भिंतीला पहार लावली. तिसरा दगड सुटला आणि त्याच्या भिंतीत दबलेल्या अंगाला कोरलेली एक बाई निघाली. कमरेवर हात, नाक झिजलेलं. मुंजाजीने पहार टाकली नि गालांत मारून घेतल्या. दुपारपर्यंत गल्ली घरात आली. शेजारची कस्तुराबाई हळदीकुंकू घेऊनच आली.

“देवी हाय,” गल्लीतले वडीलधारे कल्याणराव म्हणाले. “भोकातच बसवू. दिवा लावू.”

“तिचं देऊळ मागं हाय, मामा. पन्नास पावलं. तिकडं न्या,” गंगम्मा म्हणाली.

“स्वतःहून घरात आलेली देवी बाहेर काढतेत का?”

“आली कुठं? तुमी-आमी उचलून आणली, आन् तोंड भिंतीत दाबून ठिवली.”

मुंजाजी मागे सरकला. “मी न्हाई हात लावणार, काकू. माझा हात झडला तर भिंती बांधायला तुमच्या सासऱ्याचा आजा येणार हाय का?”

मन्मथअप्पाने गळ्यातलं लिंग चाचपलं. “आपला देव तर अंगावरच हाय,” तो हळूच म्हणाला. “पण गावाशी वाकडं कशाला? बाळंतपण पुढच्या खोलीत करू.”

“पुढं तुमची मिरची हाय. लेकराचा पहिला श्वास मिरचीचा?”

कुणीतरी हसलं. दगड मात्र गल्लीतल्यांनी भोकात परत बसवला, या वेळी तोंड खोलीकडे करून. उजेड गेला तो गेलाच, वर दिव्याचा धूर आला. तीन दिवस बायका वाकून आत येत होत्या, फुलं वाहत होत्या. महादेवी कोपऱ्यात अंथरुणावर पदर नाकाला लावून पडून होती.

चौथ्या दिवशी सकाळची आरती चालू असताना ती किंचाळली. अंथरुणात हाताला काहीतरी वळवळलं होतं. कस्तुराबाईने दिवा खाली धरला. देवीच्या हारातून सुटलेला दोरा होता. सगळे हसले, महादेवीही हसली, पण तो हात तिने पदरात गुंडाळून घेतला.

गंगम्मा हसली नाही. तिने एका जुन्या लुगड्याची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली. मग भिंतीशी जाऊन दोन्ही हातांनी दगड ओढला. ओल्या मातीतून तो सहज सुटला. उजेडाचा एक चौकोन महादेवीच्या पावलांवर पडला.

“अगं, कुठं चालवलीस तिला?” कल्याणराव ओरडले. “दगड हाय तो, घागर न्हाई!”

तिने दगड गुडघ्यावर घेतला. तो वर जाईना. दाराशी उभा असलेला मुंजाजी खाली बघत पुढे आला, आणि त्याने दुसऱ्या बाजूने हात लावला.

डोक्यावर दगड घेऊन, ठेंगण्या दाराशी वाकून, गंगम्मा मागच्या देवळाच्या वाटेने निघून गेली.