नको म्हटलं की फोटो

सुनेने ऑफिसातून एक कॅमेरा घरी आणला. न्यू टाउनच्या कंपनीत तो तिनेच तयार केला आहे. तांब्याएवढा, गोल. टेबलावर ठेवला की मान फिरवून माणसे न्याहाळत बसतो. त्याला बटण नाही. कोणी तळहात उभा धरला की तिकडे वळतो आणि टिक करून फोटो काढतो.

"आई, सोमवारी साहेबांना दाखवायचाय. घरातल्या प्रत्येकाचा एक तरी फोटो हवा. एक जरी सुटला तरी ते म्हणणार, चालत नाही."

मी मान हलवली. मनात म्हटले, माझ्यावाचून भागेल. आमच्या अल्बममध्ये मी म्हणजे एक कोपर आणि पदराचा काठ. पण बाकीच्यांचे काम मी करून देणार होते.

पाडव्याला वन्सं जेवायला आल्या. कॅमेरा टेबलाच्या मधोमध बसलेला. त्यांना त्याचे काही सांगितले नव्हते. मी श्रीखंडाचे पातेले घेऊन गेले.

"नको गं वहिनी, साखर बंद केलीय." हात वर. टिक.

"एवढंसंच."

"अगं, नको म्हणते ना!" टिक. "हे काय वाजतंय?"

"घड्याळ असेल," मी म्हटले.

यांनी तर हात असा उचलला, जणू बुवा आशीर्वाद देताहेत. टिक. मुलगा मात्र पानावर हात आडवा धरायचा. तो कॅमेऱ्याला दिसेना. मग मी त्याच्या बोटांवरच वाढले, तेव्हा कुठे हात उभा झाला.

सुनेने फोनवर फोटो बघितले आणि मग माझ्याकडे बघितले. तिला हसू आवरेना.

"आई, तुम्ही बसा आता. मी वाढते."

मी नेहमी शेवटी बसते, तेव्हा मला आग्रह करायला कोणी उरलेलेच नसते. आज सगळे खुर्च्या ओढून समोर बसले. मी डावा हात मांडीखाली घातला, उजवा पुरीवरून उचलायचा नाही असे ठरवले.

"पुरे."

"एवढंसंच, आई." अगदी माझ्याच सुरात.

"पुरे गं बाई!"

"वाढ, वाढ!" वन्सं म्हणाल्या. "माझाही सूड घे."

हात न उचलता मी खात राहिले. श्रीखंड गळ्याशी आले. तेवढ्यात वरून विमान गेले. आमचे डमडम विमानतळाला लागूनच, विमान आले की कोणाचे कोणाला ऐकू जात नाही, सगळे हातांनीच बोलायचे. सुनेचा डाव पुन्हा माझ्या पानावर आला. मी 'पुरे, पुरे' ओरडले. ती कानाला हात लावून नुसती हसली.

काय करणार? उचलला हात.

टिक काही ऐकू आले नाही. पण कॅमेऱ्याने मान वळवलेली मी बघितली.

सोमवारी साहेबांनी सगळे फोटो बघून विचारले म्हणे, "तुमच्या घरचे सगळे एवढे कशाला घाबरलेत?" पण कॅमेरा पास झाला.

माझ्या फोटोत पुढे श्रीखंडाने माखलेला पंजा आहे. बोटांच्या फटीतून चेहराही दिसतो, डोळे वटारलेला. काल घरी कोणी नव्हते तेव्हा मी तो माझ्या फोनवर पुन्हा उघडून बघितला. मग कॅमेऱ्यासमोर बसले, आधी पदर नीट केला आणि हात वर केला.