शक्यतो एकांतात

माणूस एकटा असताना एक वागतो आणि चारचौघांत दुसरंच, हे कळायला मला तारनाक्याजवळच्या विद्यापीठात दोन वर्षं काढावी लागली. त्या विषयाला सामाजिक मानसशास्त्र म्हणतात. बाहेर अर्थव्यवस्था खुली झाली होती, सरकारी कारखाने माणसं कमी करत होते आणि त्यावरची चर्चासत्रं वाढत होती. आमच्या सरांनाही एका चर्चासत्रात निबंध वाचायचा होता: नोकरी सोडलेल्यांचा आत्मसन्मान. कारखान्याकडून यादी मिळाली. त्यातली मराठी घरं माझ्या वाट्याला आली, कारण मी मराठी.

सरांची शिस्त कडक होती. सुरुवातीचं निवेदन प्रत्येकाला तेच, शब्दशः वाचून दाखवायचं. एक शब्द बदलला की माप बदललं. कुणाला समजलं नाही तर सोप्या भाषेत सांगायचं. मुलाखत शक्यतो एकांतात घ्यायची. ‘शक्यतो’ सरांनी घातलं होतं, आणि त्यांच्या घराला पाच खोल्या होत्या.

अंबरपेठेतल्या त्या घराला दोन होत्या. रविवार होता. पन्नाशीच्या गृहस्थांनी दार उघडलं. मी विद्यापीठाचं नाव सांगितलं, हातातली यादी त्यांना दिसली, आणि ते हळूच म्हणाले, “नंतर या.”

तेवढ्यात आतून त्यांच्या बायकोचा आवाज आला. “कोण आहे? मराठी बोलतंय नं? आत बोलवा की.”

हैदराबादेत दाराशी मराठी ऐकू आली की माणूस परत जात नाही. मला खुर्ची मिळाली, चहा मिळाला. मी कुठली, माझे वडील मूळचे बिदरकडचे का, सगळं विचारून झालं. बाई समोर बसल्या, कॉलेजात जाणारी मुलगी त्यांच्याशेजारी. पाहुण्याला एकटं सोडून आत जाणं त्यांच्या रीतीत नव्हतं. गृहस्थ पंच्याचं टोक बोटाला गुंडाळत होते.

मी वाचलं. “स्वेच्छानिवृत्ती घेतलेल्या कर्मचाऱ्यांचा हा अभ्यास आहे. आपण दिलेली माहिती गुप्त ठेवली जाईल.”

“म्हणजे काय, बाबा?” मुलगी म्हणाली. “इतकी भारी मराठी कुणाला समजते?”

गृहस्थांनी माझ्याकडे पाहिलं. त्या पाहण्याचा अर्थ मला कळला होता. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण न समजल्यास सोप्या भाषेत सांगायचं होतं.

“व्हीआरएस,” मी म्हणाले.

मुलीचं हसू तसंच चेहऱ्यावर राहिलं. बाईंनी नवऱ्याला विचारलं, “मग रोज डबा घेऊन कुठं जाता?”

“आबिड्सला. पोस्टात बसतो.”

“कधीपासून?”

“दिवाळीपासून.”

तेव्हा उन्हाळा होता.

“विचारा मॅडम,” ते म्हणाले. “तुमचं काम तरी होऊ द्या.”

मी उठून जायला हवं होतं. मी चाळीसच्या चाळीस प्रश्न विचारले. बाविसावा होता: ‘घरात मला मान मिळतो.’ पूर्ण सहमत, सहमत, सांगता येत नाही, असहमत, पूर्ण असहमत. त्यांनी बायकोकडे पाहिलं.

“लिहा, पूर्ण सहमत,” बाई म्हणाल्या.

“ती म्हणते तेच,” ते म्हणाले.

मी खूण केली. सरांनी तो फॉर्म वर्गात दाखवला. एकही उत्तर राहिलेलं नाही, असा भरायचा असतो, म्हणाले.

उत्तरं टिकतात का हे पाहायला दीड महिन्यानं तेच प्रश्न पुन्हा विचारायचे असतात. या वेळी दार मुलीनं उघडलं आणि ती दारातच उभी राहिली. तिच्या खांद्यावरून मला ते दिसले. भिंतीकडे तोंड करून बसले होते. माझा आवाज ऐकूनही वळले नाहीत.

“ते आता कुणाशी बोलत नाहीत,” मुलगी म्हणाली. “आमच्याशी पण नाही.”

“कधीपासून?”

“तुम्ही गेल्यापासून.”

मी माफी मागायला तोंड उघडलं, तोवर तिनं दार लावलं होतं. कोपऱ्यावर येऊन मी फॉर्म काढला. न झालेल्या मुलाखतीसाठी तीन रकाने होते: मयत, परगावी, नकार. ‘नकार’ लिहिलं की खाली कारण लिहावं लागे.

मी ‘परगावी’ लिहिलं आणि यादीतल्या पुढच्या घरी गेले.