गाडीला वजन पाहिजे

माझ्या लग्नाला वर्ष होत आलं असेल, तेव्हा आमच्या ह्यांनी गाडी आणली. सत्तरच्या दशकातली शेवटची वर्षं. तळेगावपासून आत, कच्च्या रस्त्यावर आमचं गाव, आणि घरची संत्र्याची बाग. गाडी मूळची लष्करातली जीप. लिलावात नागपूरच्या कुणा भाजीवाल्यानं ती उचलली, मागचा भाग कापून तिथं माल भरायला उघडा लाकडी डाला बसवला आणि पुरती वापरून झाल्यावर आमच्या गळ्यात घातली. हे तिला पिकअप म्हणायचे. बाकी गाव डालगं म्हणायचं. कोंबड्या झाकायचं असतं ते डालगं.

पहिली फेरी माझ्या माहेरी पवनारला काढायची असं ह्यांनी ठरवलं. जावई स्वतःच्या गाडीतून सासुरवाडीला जाणार, म्हणून नवा सदरा, मागं संत्र्यांचं पोतं. मी ह्यांच्या शेजारी, अंगावर लग्नातला शालू.

आर्वी मागं पडेपर्यंत माझा अंबाडा सुटला होता. वर्धा आलं तोवर उजव्या हातातल्या निम्म्या बांगड्या फुटल्या होत्या. एका खड्ड्यात गाडी अशी उडाली की माझं कपाळ समोरच्या लोखंडी पट्टीवर आपटलं आणि आवळ्याएवढं टेंगूळ आलं. हे मात्र "रस्ता खराब हाय, गाडी चांगली हाय" हेच म्हणत राहिले.

पवनारला उतरले तर आई दारात उभी. तिनं माझ्याकडे पाहिलं, एकदा जावयाकडे पाहिलं आणि माझा दंड धरून मला आत नेलं. दाराला कडी घातली.

"खरं सांग वं माय, हात उचलते का तो तुह्यावर?"

"नाई वं, थे गाडीनं झालं."

"गाडीले हात रायते का?"

मी खड्डे सांगितले, पट्टी सांगितली. आईला एक अक्षर पटलं नाही. जेवायला बसलो तेव्हा तुपाची वाटी घेऊन ती ओळीनं वाढत आली, ह्यांच्या पानापाशी थबकली आणि पुढं गेली. माझ्या भावाला सगळं कळलं होतं. तो मान खाली घालून हसत होता. ह्यांनी कोरडा भात मुकाट्यानं खाल्ला, हात धुतले आणि अंगणात भावाला विचारलं, "गाडीचे झटके कमी करणारा कोणी चांगला मिस्त्री हाय का इकडे?"

"जामले हाय एक. नाक्यावर. ट्रकवाले त्याच्याचकडे जातात."

दुसऱ्या दिवशी आम्ही जाम गावी गेलो. नाक्यावर ट्रकांची रांग, चहाच्या टपऱ्या, जुन्या टायरांचे ढीग, आणि त्या ढिगांमध्ये मिस्त्री. जाडजूड, खुशालचेंडू माणूस. त्यानं गाडीभोवती चक्कर मारली, डाल्यावर चढून दोनदा उड्या मारल्या, मग खाली वाकून चाकांमागं पाहिलं.

"साहेब, इसमें शॉकअप हैच नई. खाली नलके लटके हैं."

शॉकअप म्हणजे एकदा झटका बसला की गाडी पुन्हापुन्हा नाचत राहू नये म्हणून चाकांपाशी बसवलेले तेलाचे नळे. आमच्यातलं तेल कधीचंच गळून गेलं होतं.

"नवे टाका," हे म्हणाले. "आणि पाटेही वाढवा. हत्ती बसला तरी दबली नाई पायजे."

पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादाच्या कमानी, एकावर एक रचलेल्या.

मी टपरीसमोरच्या खाटेवर चहा घेऊन बसले होते, कपाळावर हळदीचा लेप. तिथूनच म्हटलं, "अवो, हत्ती कायले बसते? मी बसतो नं. मऊ करा म्हणा."

मिस्त्री आम्हा दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिला. "बाई म्हणते नरम, साहेब म्हणते मजबूत. माल भरला तं नरम लागन. रिकामी चालवली तं दगड." मग त्यानं हात झटकले. "बोला, कोणाचं ऐकू?"

ह्यांनी 'मजबूत' तेवढं ऐकलं. दिवसभर ठोकाठोकी चालली. नवे शॉकअप बसले. एका मोडीतल्या ट्रकचे दोन-दोन पाटे मागच्या चाकांवर चढले. चिखलात रुतू नये म्हणून ट्रॅक्टरसारख्या खोल खाचांचे टायर लागले. आणि सगळं झाल्यावर ह्यांची नजर एका ट्रकच्या मागच्या लोखंडी हुकावर गेली.

"हेही लावा आपल्याले."

"हुकाले काय लटकवता?" मी विचारलं.

"कोणाची गाडी फसली तं ओढून काढता येते."

हूक लागला. एक जाड साखळीही घेतली आणि ती सीटखाली गेली. तेव्हापासून रस्त्यात कुणाची गाडी उभी दिसली की ह्यांचे डोळे चमकायचे. वेग कमी करून विचारायचे, "फसली का?" तो बिचारा झाडाखाली डबा खात बसलेला असायचा.

घरी येताना कळलं ते असं, की गाडी आता आधीसारखी नाचत नव्हती. ती एकदाच उडायची, पण अशी उडायची की पोटातलं पाणी हलायचं. शिवाय त्या खाचांच्या टायरांना डांबरी रस्ता लागला की ते गायला लागायचे. मधमाश्यांचं मोहोळ उठल्यासारखा एकच मोठा घूंऽऽ आवाज. बोललेलं ऐकू येत नसे.

सासूबाईंनी तळेगावच्या बाजाराला जाताना एकदा हौसेनं डाल्यात बसून पाहिलं. उतरल्या तेव्हा कंबर धरून म्हणाल्या, "बाबू, थे बैलंच जुंप. निदान बैलाले माया तं हाय."

परतीला मात्र डाल्यात सरकीच्या ढेपेची पोती होती. सासूबाई नाइलाजानं पोत्यांवर टेकल्या, आणि घर येईपर्यंत चक्क घोरत होत्या. तेच खड्डे, तीच गाडी. मला मिस्त्रीचं बोलणं आठवलं. मी ह्यांना म्हटलं, "तिले वजन पायजे. रिकामी नेऊ नका."

मग हे वाळूची पोती भरून बाजारात नेऊ लागले आणि तीच पोती घरी परत आणू लागले. चढवताना-उतरवताना माणसं थकून जायची. दोन बाजार सासूबाईंनी हा प्रकार पाहिला आणि तिसऱ्याला कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"रेती काऊन नेतं बाप्पा? माणसं ने. माणसं आपल्या पायानं चढतात अन् आपल्या पायानं उतरतात."

तेव्हापासून आमची गाडी साऱ्या गावाची झाली. बाजारच्या दिवशी हे पारापाशी गाडी थांबवायचे आणि लाजत लाजत म्हणायचे, "चला, जागा हाय." वजन हवं आहे असं तोंडावर कसं म्हणायचं? पण बसवताना त्यांची मोजणारी नजर लपत नसे. जाड माणूस दिसला की डाल्यातली मागच्या चाकाच्या बरोबर वरची जागा दाखवायचे, "काका, तुमी इथं, चाकावर बसा." बारीक माणसांना मागच्या फळीपाशी. गावानं ते लवकरच ओळखलं आणि कुणाला राग आला नाही. उलट एक म्हातारे गृहस्थ बाजारात सांगत फिरायचे, "माह्याशिवाय त्याची गाडी सरळ चालत नाई."

आता मोठीमायची ओळख करून द्यायला हवी. मोठीमाय म्हणजे माझ्या सासूबाईंची थोरली जाऊ. कुडाच्या पलीकडचं घर तिचं. देहानं भरभक्कम, आवाजानं त्याहून. या दोघी जावांचं बोलणं मी लग्न होऊन आले त्याच्या कितीतरी आधीपासून बंद होतं. वाटणी झाली तेव्हा घरातला दगडी पाटा मोठीमायकडे गेला आणि वरवंटा सासूबाईंकडे राहिला. कुणीच आपला सोडेना. पाटा तिकडे रिकामा पडला, वरवंटा इकडे, आणि दोन्ही घरच्या चटण्या उखळात कुटल्या जात होत्या. अगदीच काही सांगायचं झालं तर कुडाशी मला उभं करायच्या. "सांग तिले, तिची कोंबडी आली इकडे." मी मान फिरवायची. "सांग तिले, कोंबडीले वाट समजते." कूड एवढासा, मला न विचारताही सगळं ऐकू जायचं.

संत्र्याची तोड चालू असतानाचा एक दिवस. आदल्या रात्री अवकाळी पाऊस झाला होता. मोठीमायला दाढ काढायला आर्वीला जायचं होतं आणि चिखलामुळं गावात एसटी आलीच नाही. सासूबाईंनाही त्याच दिवशी आर्वीला चष्मा करायचा होता. सगळं गाव तोडीवर. डाल्यात बसायला माणूस नाही. ह्यांनी कुडापलीकडे पाहिलं. गालाला फडकं बांधून मोठीमाय ओट्यावर बसली होती.

"मोठीमाय, चाल, मी नेतो."

"थे हाय का गाडीत?"

"हाय."

मोठीमायनं दाढेला हात लावला, थोडा विचार केला आणि उठली. ह्यांनी तिला एका चाकावर बसवलं, सासूबाईंना दुसऱ्या चाकावर, आणि मधे मला. गाडीनं त्या दिवशी पुरती मान तुकवली. पाटे असे बसले की खड्डा आला गेला कळेना.

कच्चा रस्ता शांततेत गेला. डांबरी लागली आणि टायर गाऊ लागले. मोठीमाय माझ्याकडे वळून म्हणाली, "सांग तिले, चष्मा जाड कर म्हणा. बारीकनं दिसत नाई."

"काय?" मी म्हटलं. खरंच ऐकू आलं नव्हतं.

तिनं पुन्हा सांगितलं. मला पुन्हा फक्त घूंऽऽ. तिकडून सासूबाई ओरडल्या, "काय म्हनून राह्यली ते?" मी हातानं खूण केली, कळत नाही. शेवटी मोठीमायनं गालावरचं फडकं सोडलं, पुढं झुकली आणि थेट जावेच्या तोंडावर ओरडली, "चष्माऽऽ जाड करऽऽ!"

सासूबाई तेवढ्याच जोरात ओरडल्या, "तुही दाढ कोनती दुखतेऽऽ?"

"मागचीऽऽ!"

"लवंग लावली काऽऽ?"

मी मधे बसून दोन्ही कान झाकून घेतले. आर्वी येईपर्यंत दोघींनी दाढ, गुडघे, एकमेकींच्या सुना आणि त्या पाटा-वरवंट्याचा सगळा हिशेब बोंबलून बोंबलून पुरा केला. मी सुनांपैकी एक असल्यामुळं माझ्याबद्दलही बरंच काही झालं, मला वगळून. गाडी थांबली, आवाज बंद पडला, आणि दोघी एकदम गप्प झाल्या. एकमेकींकडे पाहून जरा ओशाळल्या. उतरताना मात्र सासूबाईंनी हात पुढं केला आणि मोठीमायनं तो धरला.

परतीला, कच्च्या रस्त्यावरच्या नाल्यापाशी एक पांढरी मोटार फसली होती. फुलांच्या माळा लावलेली. आत बाशिंग बांधलेला नवरदेव. बाहेर त्याचा मामा, गुडघ्यापर्यंत काळ्या चिखलात, ड्रायव्हरला शिव्या देत. वऱ्हाडाच्या बैलगाड्या आणि बँड केव्हाच पुढं गेले होते.

ह्यांनी ब्रेक मारला. आवाजात काय तो आनंद. "फसली का?"

"दिसत नाई का बाप्पा!" मामा म्हणाला.

साखळी निघाली. हुकाला लागली, मोटारीला लागली. मामा आदबीनं डाल्यापाशी आला. "मायबाई, तुमी उतरा. गाडी हलकी होऊ द्या."

"उतरू नका!" हे ओरडले. "कोनी उतरू नका! उलट तुमीच चढा. नवरदेवालेही चढवा."

मामाला वाटलं, माणूस वेडा आहे. पण मुहूर्त डोक्यावर होता. तो चढला, ड्रायव्हरच्या बाजूचा एक पाहुणा चढला आणि धोतर सावरत नवरदेवही चढला. मोठीमायनं त्याला आपल्या शेजारी चाकावर दाबून बसवलं. "बस बाबू, वजन दे."

गाडीनं एक हिसका दिला. टायरांनी चिखल मागं असा फेकला की पांढरी मोटार पार काळी झाली. मग खाचांनी जमीन धरली, साखळी ताणली गेली, आणि चिखलातून बुडबुडा फुटावा तसा आवाज होऊन मोटार वर आली. सासूबाईंनी टाळ्या वाजवल्या. हे उतरून हुकावरून हात फिरवत उभे राहिले. इतका सुखी माणूस मी आमच्या लग्नातसुद्धा पाहिला नव्हता.

मोटार वर आली, पण सुरू होईना. मग तशीच ओढत नेली. मांडवापाशी आधी आमचं डालगं पोचलं. त्यात उभा नवरदेव, त्याच्या एका बाजूला सासूबाई, दुसऱ्या बाजूला गाल सुजलेली मोठीमाय, आणि मागं साखळीला काळी झालेली मोटार. बँडवाले आधी गोंधळले आणि मग दुप्पट जोरानं वाजवू लागले. मुलीकडच्यांना वाटलं, या दोघी नवरदेवाच्या आत्याच असणार. त्यांनी दोघींचे पाय धुतले, हळदीकुंकू लावलं, पहिल्या पंगतीत बसवलं. मोठीमायला दाढ काढल्यामुळं चावता येत नव्हतं. सासूबाईंनी तिच्या पानातली पोळी दुधात कुस्करून दिली आणि वाढणाऱ्याला दटावलं, "तूप टाक तिच्यावर, हात नको आखडू." खण-नारळ घेताना मी सासूबाईंना हळूच म्हटलं, "सांगून द्या नं, आपन नवरदेवाच्या कोनी नाई."

"काऊन?" मोठीमायच मधे बोलली. "नवरदेव कोनं आनला?"

त्यानंतरच्या सोमवारी हे मळ्यात पंप पाहायला निघाले. जेमतेम हाकेचं अंतर. मी चहाची किटली द्यायला बाहेर आले तर डाल्यात दोघी आधीच येऊन बसलेल्या. चाकावरची बरी जागा कोणाची, यावरून भांडण जुंपलेलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. कुठं चाललो, हे दोघींपैकी एकीनंही विचारलं नाही.