इंदूजिजीची संध्याकाळची हाक

इंदूजिजी त्या दिवशी एकटी निघाली, म्हणून गेली.

आज वर्ष झालं.

ज्यांना ती माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. नवापूरला आमच्या गल्लीच्या तोंडाशीच सुरतकडे जाणारा रस्ता आहे. पलीकडे दूध डेअरी, किराणा, मेडिकल, सगळं. अलीकडे आम्ही. मध्ये ट्रक, लक्झरी, पिकअप, कोंबड्यांच्या गाड्या. इथं माणसं राहतात हे त्यांच्या गावीही नसतं.

जिजी आमच्या शेजारची. नवरा गेल्यावर एका म्हशीवर घर चालवलं तिनं. रोज संध्याकाळी दुधाची किटली घेऊन डेअरीवर जावंच लागायचं.

आणि या रस्त्याला ती जाम घाबरायची.

सापाला नाही. भुताला नाही. मोठ्या दिराला तर अजिबात नाही. फक्त या रस्त्याला.

म्हणून तिनं स्वतःची सिस्टिम बसवली होती. गल्लीच्या तोंडाशी किटली खाली ठेवायची आणि हाक मारायची,

"चला वं, कोनले जानं शे तिकडे?"

मग कुणाला कोथिंबीर आठवायची, कुणाला सासूच्या गोळ्या. बायका जमायच्या. चांगला घोळका झाला की जिजी एक हात वर करून खाली उतरायची आणि सगळ्यांना पलीकडे न्यायची.

रस्त्यावर झेब्रा क्रॉसिंगचे पट्टे मारले तेव्हा मी तिला चिडवलं होतं, "जिजी, आता तुझी ड्युटी संपली."

"त्या पट्टा आपलेच दिसतस माय, गाडीवालासले नही दिसत. एकलीले कोनी थांबत नही. घोळकाले थांबस."

"एवढी काय घाबरते गं?"

"भेव शे म्हनीसन जित्ती शे."

भीती आहे म्हणून जिवंत आहे म्हणाली, आणि मी हसले होते. आता नाही हसू येत.

त्या संध्याकाळी नेमकं नळाला पाणी आलं. आमच्याकडे पाणी कधी येईल याचा नेम नाही. आलं की गल्लीत पळापळ. बादल्या, ड्रम, पाइप, भांडणं.

जिजीनं हाक मारली. सगळ्या घरांतून 'येते, येते' असा आवाज आला, "येस वं जिजी, येस!"

कुणी आलं नाही.

तिनं परत हाक मारली. आईनं ऐकली. आई म्हणते, "मी पाइप लायेल व्हता. माले वाटनं, कोनी ना कोनी गयं व्हईन."

सगळ्यांनाच तसं वाटलं. डेअरी बंद व्हायची वेळ झाली, आणि जिजीनं किटली उचलली.

मी नंदुरबारहून ऑफिस सुटल्यावर घरी येत होते. स्टेशनवरून घेतलेल्या रिक्षातून लांबूनच गल्लीच्या तोंडाशी गर्दी दिसली. मला वाटलं, जिजीचा घोळका.

मग किटली दिसली. दूध त्या पट्ट्यांवर पसरलं होतं.

पिकअपवाला थांबलाही नव्हता.

मला वाटलं होतं, आता संध्याकाळची ती हाक बंद होईल. दुसऱ्याच दिवशी परत ऐकू आली. पळत गॅलरीत गेले. गल्लीच्या तोंडाशी माझी आई उभी होती.

माझी आई. गुडघ्यांनी त्रासलेली, एका डोळ्याचं ऑपरेशन झालेली.

तेव्हापासून रोज संध्याकाळी माझं सगळं ध्यान त्या रस्त्याकडे. सुट्टीच्या दिवशी गॅलरीत उभी राहते आणि ती पलीकडे पोचेपर्यंत आत येत नाही. ऑफिसात असले तर तिचा फोन येईपर्यंत कामात लक्ष नसतं. फोन उशिरा आला की नको नको ते दिसतं. बहुतेक वेळा ती कुणाशी तरी गप्पा मारत असते.

भांडून झालं. रडून झालं. "आई, तू हाक मारणं बंद कर. कशाला जातेस? मी आणून देत जाईन सगळं."

ती शांतपणे म्हणाली, "हाक बंद कयी ते समद्या एकल्या जातीन."



पट्टे आता पुसट झालेत. स्पीड ब्रेकर मंजूर आहे म्हणतात, तो वर्षभर मंजूरच आहे. गाड्यांचा वेग होता तेवढाच आहे, उलट रस्ता गुळगुळीत केल्यापासून जास्तच.

जिजीचा फोटो टाकून दोन ओळी लिहायच्या, एवढंच मनात होतं. पण हे लिहिता लिहिता मोरीत आवाज झाला.

नळाला पाणी आलंय.

गल्लीत पळापळ सुरू झाली. ड्रम ओढल्याचा आवाज येतोय. आणि खाली आई हाक मारतेय. एकदा मारली. आता दुसऱ्यांदा.

घराघरांतून तेच. "येस वं, येस!"

मी नळ बंद केलाय. बादली अर्धीच भरली, राहू दे.

गल्लीतलं कुणी हे वाचत असेल तर फोन ठेवा, नळ बंद करा आणि खाली या. आत्ता.

जिजी, तुला हात जोडायचे आहेत, पण ते आल्यावर. आधी आईला पलीकडे नेऊन आणते.