साहेबांच्या अल्बमची खळ

आयर्लंडमध्ये वॉटरफोर्डच्या आमच्या घराला चिकटून जे घर होतं, त्यात एक फ्रेंच बाई एकट्या राहायच्या. ऐंशी उलटलेल्या. नवरा आयरिश होता, तो गेलेला, मुलगा कॉर्कला. दोन हजार वीस साली दसऱ्याच्या सुमारास कोरोनाने पुन्हा सगळं बंद झालं, पाच किलोमीटरच्या पलीकडे जायला मनाई आली, तेव्हा त्या मुलाने फोन करून आमच्या ह्यांना विचारलं, आईकडे जरा बघाल का? एकट्या म्हाताऱ्या माणसाने एका घराशी जोडून घ्यायची तेवढी मुभा होती. हे हो म्हणाले आणि मी घाबरले. मी नववीत शाळा सोडलेली. इथे साधा फॉर्म आला तरी मी तो ह्यांच्यापुढे सरकवायचे. त्या बाईंशी मी काय बोलणार?

पण त्यांची इंग्रजी माझ्यासारखीच निघाली, दगडावर दगड ठेवत ओढा ओलांडावा तशी. म्हणून आमचं जमलं. मी त्यांना आजी म्हणायला लागले. त्याचा अर्थ सांगितला तेव्हा म्हणाल्या, सख्ख्या नातवंडांनी कधी इतक्या वेळा हाक मारली नाही.

आजींनी फ्रान्समध्ये बावीस वर्षं एका पुढाऱ्याच्या कचेरीत काम केलं होतं. पत्रं, भेटी, भाषणांचं टायपिंग, वर्तमानपत्रवाल्यांचे फोन, सगळं त्यांच्याकडे. त्या पुढाऱ्याचं नाव आजी फार आदराने घ्यायच्या. मी आपलं साहेब म्हणायचे. साहेब मुळात गुरांचे डॉक्टर. मग गावचे महापौर, मग पॅरिसला खासदार, आणि एकदा वर्षभरासाठी मंत्री. ना डावे ना उजवे, मधले. डावे म्हणायचे हा उजव्यांचा माणूस, उजवे म्हणायचे डाव्यांचा. व्यंगचित्रकार त्यांना उकडलेल्या बटाट्यासारखे काढायचे, चष्मा लावलेला बटाटा. ना तिखट ना मीठ.

मी आजींना तळ्यात-मळ्यात शिकवलं, त्यांच्याच दिवाणखान्यात, गालिच्याच्या कडेवर उभी राहून. इकडे तळं, तिकडे मळा, आणि रेघेवर पाय पडला की बाद. आजी हसून हसून खोकल्या. म्हणाल्या, आमचे साहेब चाळीस वर्षं रेघेवरच उभे होते.

त्यांच्याकडे बिस्किटांच्या तीन डब्यांत साहेबांची कात्रणं होती. फ्रान्समधली बहीण अजून पोस्टाने पाठवायची. साहेब पुढच्या उन्हाळ्यात ऐंशीचे होणार होते, आणि वाटा उघडल्या की मुलगा त्या कात्रणांचा अल्बम भेट म्हणून घेऊन त्यांच्याकडे जाणार होता. आजींना तो पुरा करायचा होता, पण डोळ्यांचं वेगळंच झालं होतं. कडेचं दिसायचं, मधलं दिसायचं नाही. "मधल्या माणसापायी आयुष्य घातलं," त्या म्हणायच्या, "आणि आता नेमकं मधलंच गेलं." म्हणून चिकटवायचं काम माझ्याकडे आलं.

फ्रेंच मला कुठली येतेय? मी साहेबांच्या केसांवरून क्रम लावला. दाट केस म्हणजे महापौर, भांग वर सरकला म्हणजे खासदार, टक्कल म्हणजे मंत्री. आजी कात्रण डोळ्याच्या कडेला धरून तपासायच्या. दोनदाच चूक निघाली.

खरी अडचण गोंदाची होती. बंदीमुळे दुकानात खाण्यापिण्याचं सोडून बाकी फळ्यांना पट्ट्या लावलेल्या. गोंद समोर दिसायचा, पण घेता यायचा नाही. तेव्हा मला वडील आठवले.

माझे वडील मिरजेत पोस्टरं लावायचे. निवडणुकीची, सर्कशीची, सगळ्याच पक्षांची. भिंतीला पक्ष नसतो, म्हणायचे. खळ घरीच शिजायची. चुलीवर मोठं पातेलं, मैदा पाण्यात कालवून मंद आचेवर ढवळत राहायचं. ती चकाकायला लागली की थोडा मोरचूद. मोरचूद विषारी, म्हणून तो वडील स्वतः घालायचे. आम्ही पोरं लांब उभी राहून ती निळी पूड विरघळताना बघायचो. तो वास मला अजून ओळखता येतो. पहाटे वडिलांच्या मागे शिडी धरून मी जायचे आणि शाळेच्या वेळेला बोटं खळीने ताठ झालेली असायची. मी नववीत असताना ते शिडीवरून पडले. माझी शाळा तिथेच थांबली.

तर मैदा होता. आजींच्या स्वयंपाकघरात मी खळ शिजवली आणि कितीतरी वर्षांनी तो वास आला. आजी खुर्चीतून म्हणाल्या, बेकरीच्या मागच्या दारासारखा वास येतोय. मोरचूद वॉटरफोर्डमध्ये कुठून आणायचा? कीड लागू नये म्हणून मी आपली चिमूटभर हळद टाकली. जखमेला चालते, लोणच्याला चालते, कागदाला का नाही?

दोन महिने आम्ही दोघी तेच करत होतो. दुपारी चहा, मग एक पान. माझ्या आयुष्यात इतक्या शांत दुपारी आधी आल्या नव्हत्या आणि नंतरही नाही. नाताळात अल्बम भरला. मी तो बाहेरच्या भिंतीकडल्या प्रेसमध्ये, म्हणजे कपाटात, नीट फडक्यात गुंडाळून ठेवला. शेवटचं एक पान कोरं राहिलं होतं आणि आजींच्या टेबलाच्या खणात एक बंद पाकीट होतं. त्यातलं कात्रण लावायचं नाही, असं त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलेलं.

फेब्रुवारीत मी पुसायला म्हणून अल्बम काढून उघडला. ओलीने पानं फुगली होती. कात्रणांवर हिरवट-काळी बुरशी, मखमलीसारखी. जिथे बुरशी नव्हती तिथे हळद कागदातून वर आलेली. महापौर पिवळे, खासदार पिवळे. निम्म्या पानांवर साहेबांना तोंडच उरलं नव्हतं.

अल्बम पिशवीत घालून मी घरी आणला. ह्यांनी बघितला आणि म्हणाले, "अगं, साहेबांना हळद लागली की." मला रडू फुटलं. मग हे स्वतःच व्हिनेगर आणि कापूस घेऊन बसले, माझ्या शेजारी. जेवढं पुसता आलं तेवढं पुसलं. ते म्हणाले, त्यांना दिसत नाही, नवीन कात्रणं मागवू बहिणीकडून, हळूहळू बदलू, कशाला सांगतेस? मला ते पटलं. नाही म्हणत नाही. आठवडाभर मी आजींकडे जायचे, चहा करायचे, अल्बम कसा आहे विचारलं की "ग्रँड" म्हणायचे. छान आहे म्हणायला इथे सगळे म्हणतात तसं. ह्या परक्या गावात मला शाळेबद्दल न विचारता कुणी काम दिलं असेल, तर ते त्यांनी. त्यांनी आयुष्यभर जपलेलं मी दोन महिन्यांत नासवलं होतं.

आठव्या दिवशी पिशवी घेऊनच गेले. अल्बम त्यांच्या मांडीवर ठेवला आणि म्हटलं, "आजी, माझ्यामुळे खराब झालाय. खळीत हळद घातली मी. आणि रोज खोटं सांगितलं."

त्यांनी पान उलटलं, बोटांनी चाचपलं.

"डोळे गेलेत, पोरी," त्या म्हणाल्या. "नाक आहे. नाताळापासून वास येतोय. तू कधी सांगतेस याची वाट बघत होते."

मग त्यांनी मला खणातलं पाकीट आणायला सांगितलं.

त्यात साहेबांचा एकच फोटो होता, मंत्री असतानाचा. शेतकऱ्यांची सभा, एक म्हातारा उठून काहीतरी बोलतोय आणि साहेब खुर्चीत झोपलेले, तोंड उघडं. तो फोटो देशभर छापून आला होता. आजींना वर्तमानपत्रांचे फोन सुरू झाले. त्यांनी साहेबांना न विचारता सांगून टाकलं, रात्रभर एका गोठ्यात गाय अडली होती, साहेब जुने डॉक्टर, तिथे धावून गेले होते. फोटो उलटा फिरला. दोन दिवस साहेब देवमाणूस झाले. तिसऱ्या दिवशी त्या गोठ्याचा मालक म्हणाला, माझी गाय तर अजून गाभण आहे.

"झोप लोकांनी माफ केली असती," आजी म्हणाल्या. "सगळ्यांनाच येते. जेवण जड झालं होतं, बस. गाय माफ केली नाही."

मंत्रिपद गेलं, पुढची निवडणूकही गेली. बटाट्याशेजारी आता गाय काढायला लागले. साहेब आजपर्यंत म्हणत आले की गाईचं मीच सांगितलं होतं. आजींचं नाव त्यांनी कुणापुढे काढलं नाही, आजींपुढेसुद्धा नाही. आजी त्यानंतरही सहा वर्षं तिथेच होत्या, आणि त्या गोष्टीवर दोघांत एक शब्द झाला नाही.

बुरशी लागलेल्या त्या सगळ्या कात्रणांत ते एकच धडधाकट होतं, कारण ते चिकटवलेलं नव्हतं. आजी म्हणाल्या, शेवटच्या पानावर हे लाव. तोवर गोंद मिळायला लागला होता, मी घरून आणते म्हटलं. नको म्हणाल्या, तीच खळ कर. हळद नाही घातली तर चालेल.

मी खळ शिजवली. त्या वासात आम्ही दोघी बसलो, आणि मी फोटो लावला, वडील लावायचे तसा, मधून कडेला हात फिरवत, एक बुडबुडा न ठेवता. मग आजींनी माझ्या हातात पेन दिलं. मी म्हटलं, माझं अक्षर नववीतलं आहे, आणि मला तुमची भाषा येत नाही. त्या म्हणाल्या, मी एकेक अक्षर सांगते, तू काढ. इंग्रजीच अक्षरं, कुठे डोक्यावर रेघ तेवढी. तीन वेळा मी कच्च्या कागदावर गिरवलं. मग फोटोच्या खाली लिहिलं. काय लिहिलं ते त्यांनी नंतर सांगितलं: झोप खरी होती. गाय मी बांधली.

अल्बम या वेळी मी वरच्या हॉट प्रेसमध्ये ठेवला, गरम पाण्याची टाकी असते त्या कपाटात, टॉवेलांच्या वर, कोरड्यात. जूनमध्ये मुलगा कॉर्कहून आला. पिवळी पानं बघून त्याने भुवया उंचावल्या, आणि आजींनी त्याला सगळं सांगितलं, माझी हळदही आणि स्वतःची गायही. मग अल्बम तसाच, पिवळा, फ्रान्सला गेला.

पुढे एका दुपारी आजींचा फोन वाजला तेव्हा मी तिथेच होते, चहा गाळत. पलीकडे एक म्हातारा, खर्जातला आवाज, फ्रेंच बोलणारा. आजी बराच वेळ नुसत्या ऐकत होत्या. एकदा त्यांनी माझ्याकडे, म्हणजे माझ्या कडेकडे, मान वळवली आणि माझं नाव घेतलं. मग त्या हसायला लागल्या, डोळे पुसत. मी साखर घातलेला कप त्यांच्या हाताशी सरकवला आणि दार ओढून बाहेर बागेत जाऊन उभी राहिले.