एकाच नावाच्या तिघी

सत्तरीच्या झिंबुल मेवोराहचं पाथरवट स्तेर्गिओसशी जमलंय, अशी कुजबुज त्या वर्षी आमच्या तळ्याकाठच्या गावात होती. रोज दुपारी ही बिनलग्नाची बाई अक्रोडाच्या वड्या घेऊन त्या विधुराच्या शेडमध्ये शिरायची आणि दोन-दोन तास बाहेर यायची नाही. तो हल्ली रोज दाढी करतो, हे मी पदरचं जोडलं होतं.

झिंबुलचं बटणं-दोऱ्यांचं दुकान. जर्मनांनी गावातले सगळे ज्यू ट्रकमध्ये घालून नेले, त्यातून परत आलेली ती एकटी. आम्ही तेव्हा पडद्याआडून बघत होतो. मीसुद्धा. पन्नास वर्षांनी नगरपालिकेला स्मारक सुचलं, तेव्हा गल्लीतलं एकेक घर आठवून नावांची यादी तिनेच करून दिली.

त्या लोकांत आजी हयात असतानाच तिचं नाव नातीला देतात. तो आजीचा मान. मुलगे दोन असले तर दोघांच्या थोरल्या मुलींना तेच नाव. झिंबुलच्या घरात अशा तीन बुलिसा मेवोराह होत्या, तिची आई आणि दोन भाच्या.

नगरपालिकेचे चिटणीस प्रोद्रोमोस भलते टापटिपीचे. तेच नाव पुन्हा दिसलं की मारली रेघ. शहरातून दगड कोरून आला, तेव्हा त्यावर एकोणीस माणसं नव्हतीच.

झिंबुल कचेरीत गेली. मी तिथेच पाणीपट्टी भरत होतो, त्यामुळे हे ऐकीव नाही. चिटणीस पोराला समजवावं तसं म्हणाले, "बाई, बुलिसा आहे ना वर? एकीत सगळ्या आल्या."

"आई बासष्टची होती, धाकटी भाची तीन वर्षांची," झिंबुल म्हणाली. "रेल्वेच्या डब्यात कोंबताना कुणी म्हणालं नाही, की एक बुलिसा झाली, आता बाकीच्यांनी घरी जा."

चिटणीसांनी ठराव दाखवला, नियम वाचला. ती उठून आली. दुपारच्या फेऱ्या त्यानंतरच्या. आणि आमच्या निलाजऱ्या गावाला त्यात तेवढं लफडं दिसलं.

अनावरणाच्या सकाळी, भाषण ऐन रंगात असताना, दोघं हातगाडी ढकलत आली. गाडीवर पांढरा दगड. चिटणीस आडवे आले, परवानगी कुणाची म्हणून विचारू लागले.

"तुम्ही रेघा मारल्यात, त्या कुणाला विचारून?" झिंबुल म्हणाली.

चिटणीस बाजूला झाले. स्तेर्गिओसने दगड उतरवून स्मारकाला टेकवला. तो अजून तिथेच आहे.

त्या दोघांत काही नव्हतं. तो गाळलेली एकोणीस नावं कोरत होता, आणि पुन्हा एखादं गळू नये म्हणून ती समोर बसून अक्षर न् अक्षर बघत होती.